‘होय’ म्हणण्यापूर्वी : घरचा संगणक आणि आगंतुक जाहिराती

(वरठी, जिल्हा भंडारा येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हावडा-मुंबई लोहमार्गावरील भंडारा रोड हे स्थानक आपल्या वरठी गावात आहे आणि पोलादाचा मोठा कारखानाही येथेच आहे. धानाच्या बांधीशेजारी आगगाडी आणि पोलादाची भट्टी ज्या गावाने पाहिली, त्या गावाला यंत्राची नवलाई सांगावयास मी आलेलो नाही. मला बोलावयाचे आहे ते घरातल्या एका लहान यंत्राविषयी, म्हणजे संगणकाविषयी, आणि त्यात आपल्या नकळत शिरणाऱ्या जाहिरातींविषयी.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. कला शाखेत शिकलो आणि माहिती अधिकारी म्हणून शासनाच्या सेवेत आलो. इतरांना माहिती पुरविणे हा माझा व्यवसाय. तरीही या विषयात मी स्वतः फसलो. तो प्रसंग सांगितल्यास पुढील विवेचन समजण्यास सोपे जाईल.

माझ्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत ठरावीक आकारापेक्षा मोठी असल्याने ती स्वीकारली जाईना. प्रत लहान करून देणारा एक विनामूल्य प्रोग्रॅम मी इंटरनेटवरून उतरवून घेतला. स्थापना करताना एकामागून एक चौकटी आल्या. मी प्रत्येक वेळी ‘नेक्स्ट’ दाबले. दाखला लहान झाला आणि मला समाधान वाटले.

दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या कोपऱ्यात जाहिराती येऊ लागल्या. शोध घेण्याचे नेहमीचे पान बदलले. शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ शोधले, तर पहिल्याच स्थानी तसेच दिसणारे एक पान आले. तेथे नोंदणीशुल्क म्हणून ४९९ रुपये मागितले, ते मी भरले. ते पान शासनाचे नव्हतेच. संध्याकाळी संपूर्ण पडदा व्यापून लाल अक्षरांत इशारा झळकला : ‘आपल्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर त्वरित संपर्क साधा.’ मी दूरध्वनीकडे हात नेला, तोच मुलगी म्हणाली, “बाबा, आपण तर कोणाला तपासायला सांगितलंच नाही. मग यांना कळलं कसं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी संगणक बंद केला. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी सेवा केंद्रात जाऊन अर्ज भरला. पैसे गेले ते गेलेच. परंतु मुलीचे वर्षाचे साहाय्य हातचे जात होते, हे आठवले की आजही अस्वस्थ वाटते.

ॲडवेअर म्हणजे काय?

संगणकात राहून, आपण न मागता जाहिराती दाखविणाऱ्या प्रोग्रॅमला ‘ॲडवेअर’ असे म्हणतात. सर्वच जाहिराती वाईट नसतात. वृत्तपत्रात जाहिरात असते, आकाशवाणीवर असते. ती कोठे असणार हे आपल्याला ठाऊक असते आणि पान उलटण्याचे स्वातंत्र्य आपल्यापाशी असते. ॲडवेअर हे स्वातंत्र्य हिरावून घेते. ते ब्राउझरचे पहिले पान बदलते, शोधाचे निकाल स्वतःच्या सोयीने दाखविते, आपण कोणती पाने पाहतो याची नोंद ठेवते आणि काढू गेल्यास सहजासहजी निघत नाही.

यामागील अर्थकारण साधे आहे. एखादा प्रोग्रॅम जितक्या संगणकांत बसविला जाईल, तितके पैसे तो बसविणाऱ्याला मिळतात. जाहिरातीवर जितक्या वेळा बोट पडेल, तितकी कमाई होते. प्रत्येक वेळची रक्कम क्षुल्लक असते. परंतु लक्षावधी संगणकांवर तिची मोठी राशी होते. ‘फुकट’ या शब्दाची किंमत अशा रीतीने वसूल केली जाते.

हा धंदा जुना आहे. अमेरिकेत ‘झँगो’ नावाच्या कंपनीने लोकांच्या संगणकांत त्यांच्या नकळत जाहिरातींचे प्रोग्रॅम बसविले, असा ठपका तेथील संघीय व्यापार आयोगाने ठेवला आणि २००६ साली तिला ३० लाख डॉलर द्यावे लागले. जून २०१७ मध्ये ‘चेक पॉइंट’ या संगणक-सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नामक ॲडवेअरची माहिती प्रसिद्ध केली. जगातील २५ कोटी संगणक त्याने ग्रासले असून त्यांपैकी सुमारे अडीच कोटी भारतात आहेत, असा तिचा अंदाज होता. हा आकडा फुगविलेला असल्याचे मायक्रोसॉफ्टने पुढे म्हटले. परंतु ते शिरण्याची रीत निर्विवाद होती. लोकांनी स्वतःहून घेतलेल्या विनामूल्य प्रोग्रॅमांसोबत ते आले होते.

ते घरात कसे शिरते?

पहिली वाट मी चाललो ती. एका उपयुक्त प्रोग्रॅमच्या सोबत दोन-तीन अनावश्यक प्रोग्रॅम बांधलेले असतात. चौकटीत बारीक अक्षरांत त्यांची नावे असतात आणि त्यांपुढे आधीच बरोबरची खूण केलेली असते. आपण ती न काढता पुढे जातो. एका तिकिटावर चार अनोळखी प्रवासी आपल्या डब्यात चढावेत, असा हा प्रकार होय.

दुसरी वाट खोट्या बटणाची. एखाद्या पानावर ‘डाउनलोड’ अशी तीन-चार मोठी बटणे असतात; त्यांतील खरे एकच, बाकीच्या जाहिराती. तिसरी वाट ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या ‘एक्सटेन्शन’ची. चौथी वाट ‘नोटिफिकेशन’ची. ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’, असे एखादे पान सांगते. आपण दाबतो आणि त्या पानाला आपल्या पडद्यावर केव्हाही सूचना पाठविण्याचा परवाना मिळतो. येथे संगणकात काहीही बसविलेले नसते. आपण केवळ दार उघडे ठेवलेले असते. पाचवी वाट चोरीच्या, म्हणजे परवाना मोडून वाटल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची. पाचशे रुपये वाचविण्यासाठी आपण अनोळखी माणसाला घराची किल्ली देतो.

क्वचित नवा संगणकही निर्दोष नसतो. लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ हे ॲडवेअर कारखान्यातूनच घातलेले असल्याचे फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीस आले. जाहिराती दाखविण्यासाठी ते ब्राउझर आणि सुरक्षित संकेतस्थळ यांच्या मध्ये उभे राहत असे, त्यामुळे बँकेच्या व्यवहाराचे संरक्षणही दुबळे होत होते. या प्रकरणी २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी कंपनीने समझोता केला.

म्हणून ॲडवेअर हा केवळ त्रासाचा विषय नाही. शोधाचे पान ज्याच्या ताब्यात गेले, त्याच्या हाती आपल्या गावाच्या वाटेवरील दिशादर्शक फलक गेला. सातबारा, शिष्यवृत्ती, बँक आणि परीक्षेचा निकाल या सर्वांकडे आपण याच फलकावरून जातो. शासकीय सेवा घरापर्यंत पोहोचविण्याचे सारे श्रम एका खोट्या फलकामुळे वाया जाऊ शकतात.

अंगठा आणि कळ

या वाटांमध्ये एक गोष्ट बहुतेक ठिकाणी समान आहे. चोर भिंत फोडून आला नाही. ‘होय’ आपणच म्हटले.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार संगणकाच्या मालकाच्या परवानगीवाचून त्यात व्हायरस अथवा दूषित प्रोग्रॅम घालणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. तेच कृत्य लबाडीने वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु ‘परवानगीवाचून’ या शब्दाशीच ॲडवेअरवाला अडून बसतो. “परवानगी घेतली होती, आपणच कळ दाबली,” असे तो म्हणतो.

हे वाक्य महाराष्ट्राला नवे नाही. सावकाराच्या कागदावर शेतकऱ्याचा अंगठा असे; कागदात काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला ठाऊक नसे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी उठाव करून कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत, अशी तरतूद त्यात होती. केवळ अंगठा म्हणजे संमती नव्हे, समजून दिलेली संमती हीच संमती, हे तत्त्व त्यामागे होते. पुढे १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि राज्यभर प्रौढ माणसे पाटी-पेन्सिल घेऊन बसली. अंगठ्याच्या जागी सही आली.

आज आपण सर्व साक्षर आहोत, तरीही पडद्यावर पुन्हा अंगठा उमटवीत आहोत. न वाचता दाबलेली कळ आणि न वाचता उठविलेला अंगठा यांत फरक तो काय?

शासनाने याची दखल घेतली आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालील केंद्रीय प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाला चकवून निर्णय घ्यावयास लावणारे १३ प्रकार त्यांत नमूद आहेत. बातमी वा इतर मजकुराच्या वेषातील छुपी जाहिरात, गोंधळात टाकणारा प्रश्न, सतत तगादा लावणे आणि व्हायरसची खोटी भीती घालून बनावट उपाय विकणे हे त्यांतीलच होत. आपल्या तक्रारीला आता आधार आहे. तथापि कायदा प्रत्येक घरातील पडद्याशेजारी उभा राहू शकत नाही; तेथे आपणच असतो.

काढून कसे टाकावे?

धानाच्या बांधीत तण वरवर उपटले तर ते पुन्हा फुटते. निंदण मुळापासून करावे लागते, तसेच येथेही आहे. पुढील क्रम विंडोज असलेल्या संगणकासाठी सांगतो.

प्रथम, भीतीचा इशारा आल्यास दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करू नये आणि त्या चौकटीतील कोणतेही बटण दाबू नये. खरा अँटिव्हायरस कधीही दूरध्वनी क्रमांक देऊन घाई करीत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातून ब्राउझर बंद करावा. नंतर ब्राउझर उघडल्यावर ‘आधीची पाने पुन्हा उघडू का?’ असे विचारल्यास नकार द्यावा. सफाई पूर्ण होईपर्यंत त्या संगणकावर बँकेचा व्यवहार करू नये आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी.

दुसरे, ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲप्स’ आणि त्यातील ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ ही यादी उघडून ती तारखेनुसार लावावी. त्रास ज्या दिवशी सुरू झाला, त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्रॅम ‘अनइन्स्टॉल’ करावेत. येथेही चौकटी वाचाव्यात, कारण जातानाही काही प्रोग्रॅम ‘ठेवू का?’ असे उलटसुलट शब्दांत विचारतात. मात्र ज्या नावाविषयी शंका असेल ते जाणकाराला विचारल्यावाचून काढू नये. छपाईयंत्र वा ध्वनी यांसाठी लागणारे आवश्यक प्रोग्रॅमही त्याच यादीत असतात.

तिसरे, ब्राउझर तपासावा. अनोळखी एक्सटेन्शन काढून टाकावीत. पहिले पान आणि शोधयंत्र पूर्ववत करावे. क्रोममध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ येथे परवाना मिळालेल्या पानांची यादी असते; अनोळखी पानांचा परवाना रद्द करावा. कोपऱ्यातील जाहिराती पुष्कळदा एवढ्यानेच थांबतात. न थांबल्यास ‘रिसेट सेटिंग्ज’चा उपाय आहे.

चौथे, संगणकाची संपूर्ण तपासणी करावी. विंडोजमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ हे संरक्षण विनामूल्य असते. त्यातील ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ या भागात नको असलेले प्रोग्रॅम रोखण्याची सोय आहे. ती चालू करावी. केंद्र शासनाने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. दूषित प्रोग्रॅम शोधून काढणारी साधने त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती तयार करणाऱ्यांत पुण्याची क्विक हील ही कंपनीही आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकर यांनी बंधू संजय यांच्यासह ती उभी केली, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. ‘मालवेअरबाइट्स’ कंपनीचे ‘ॲडव्क्लीनर’ हे साधनही याच कामासाठी आहे. कोणतेही साधन मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे; अन्यथा रोगापेक्षा औषध वाईट ठरेल.

पाचवे, संगणक पुन्हा सुरू करून दोन-तीन दिवस पाहावे. काढलेले एक्सटेन्शन परत आल्यास तेच ब्राउझर खाते वापरणाऱ्या घरातील दुसऱ्या संगणकातूनही ते काढावे, कारण एकाच खात्यामुळे ते एकीकडून दुसरीकडे जाते. सर्व उपाय थकल्यास ‘रिसेट धिस पीसी’ हा मार्ग आहे; पण तो जाणकाराच्या साहाय्यानेच घ्यावा.

शेवटी, दुसऱ्या निर्दोष उपकरणावरून महत्त्वाचे पासवर्ड बदलावेत. अनोळखी माणसाला संगणकाचा दूरस्थ ताबा दिला गेला असल्यास आधी इंटरनेट तोडावे आणि बँकेला कळवावे. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. ग्राहक म्हणून झालेल्या फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. आपण एकटेच भोळे ठरलो, असे समजून गप्प बसू नये. संगणक दुरुस्तीचे सोंग आणून परदेशी लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्यांविरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभर छापे घातले होते. प्रगत देशांतील सुशिक्षित माणसेही याच खोट्या इशाऱ्यांना बळी पडली आहेत.

शिरूच नये म्हणून

शासकीय संकेतस्थळाचा पत्ता शोधून न घेता स्वतः टंकित करावा किंवा एकदा खात्री करून जपून ठेवावा. शासनाच्या बहुतेक पत्त्यांच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ अशी अक्षरे असतात. प्रोग्रॅम बसविताना ‘कस्टम’ अथवा ‘ॲडव्हान्स्ड’ हा पर्याय निवडावा, म्हणजे सोबतचे आगंतुक दिसतात; त्यांपुढील खुणा काढाव्यात. घरातील रोजच्या वापरासाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचे खाते ठेवावे आणि नवे प्रोग्रॅम बसविण्याचा अधिकार असलेले खाते वेगळे असावे. धान्याच्या कोठीची किल्ली कोणाच्याही हाती नसते, तसेच हे. मुलांना कळ दाबण्यापूर्वी पासवर्ड मागावा लागेल आणि त्या निमित्ताने दोघे मिळून चौकट वाचतील.

संगणकाची सुरक्षा-सुधारणा वेळच्या वेळी होऊ द्यावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत जुने संगणक असतील, तर ते कोणत्या आवृत्तीवर चालतात हे पाहून पुढील व्यवस्था करावी.

आपले कार्य

ग्रामस्वच्छतेचे काम गावाने हाती घेतले तेव्हा प्रत्येक घर झाडूनच गाव स्वच्छ झाले. येथेही वेगळा मार्ग नाही. शिक्षकांनी संगणकाच्या तासाला एखाद्या प्रोग्रॅमची स्थापना मुलांसमोर करून दाखवावी आणि प्रत्येक चौकट मोठ्याने वाचावयास लावावी. दहा मिनिटांचा हा पाठ पुस्तकातील व्याख्येपेक्षा अधिक टिकेल. ग्रामपंचायतीने शिष्यवृत्ती, सातबारा आणि दाखले यांच्या संकेतस्थळांचे खरे पत्ते तपासून फलकावर लावावेत. अर्जांच्या हंगामात दाखल्याची प्रत लहान करून देण्याची सोय शाळेतच झाली, तर माझ्यासारख्या किती पालकांचा धोका टळेल! मी चोरीचे काही घेण्यास गेलो नव्हतो. अर्जातील एक अट पुरी करावयास गेलो होतो. नागरिकाला आडवाटेने जावे लागणार नाही, अशी वाट आखणे हे आपणा शासकीय सेवकांचेही कर्तव्य आहे.

मुलीच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला नंतर मिळाले. त्यांना काहीच कळले नव्हते. तो इशारा ते सर्वांनाच दाखवितात आणि घाबरून कोण दूरध्वनी करतो, याची वाट पाहतात. थांबून एक प्रश्न विचारणारे एक मूल प्रत्येक घरात तयार झाले, तर हा धंदा फार काळ चालणार नाही. ते मूल तयार करणे आपल्या शाळांच्या हाती आहे, आणि त्याचे ऐकून घेणे आपल्या, मोठ्यांच्या हाती.